समन्स हवं होतं ते साक्षीदारालाच

आर्बिट्रेटरला, म्हणजे कोर्टाऐवजी वाद मिटवायला नेमलेल्या लवादाला, स्वतःच्या सहीने साक्षीदारावर समन्स काढता येत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, करारात लवादाचं कलम असतं, भांडण झालं की लवाद नेमला जातो, समोर निवृत्त न्यायाधीश बसलेले असतात त्यामुळे वाटतं की यांनी एक कागद काढला की कुणालाही यावंच लागेल. तसं होत नाही. लवादाचा अधिकार करार करणाऱ्या दोन पक्षांपुरता असतो, तिसऱ्या माणसाला हजर राहायला भाग पाडायचं तर मधे कोर्ट लागतं. आम्ही या सगळ्यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आमच्यासारखे छोटे वर्कशॉपवाले नेमके इथेच अडकतात आणि हातात खरी बाजू असून केस सोडून देतात.

आमचं प्रकरण असं. पुण्यात नऱ्ह्याला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दादा काम बघतो, बिलं-चलनं-हिशेब माझ्याकडे. चाकणजवळच्या एका कंपनीच्या शेडचं स्ट्रक्चरल काम घेतलं होतं, रेट किलोवर ठरलेला. काम झालं, शेड उभी राहिली, त्यांनी वापरायला पण घेतली आणि शेवटचं बिल मात्र अडकलं. त्यांचं म्हणणं वजन वाढवून दाखवलंय, आणि आतला मेझनाईन, म्हणजे मधला अर्धा मजला, तर आम्ही सांगितलाच नव्हता. किलोवरच्या कामात वजनावर शंका घेतली की अख्खं बिलच हवेत राहतं.

१९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस (वाद लवादाकडे न्यायचाय अशी), मग मुंबई हायकोर्टातून कलम ११ खाली आर्बिट्रेटरची नेमणूक, हे वकील मॅडमनी केलं, त्यात मी पडले नाही. करारात सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, पुणे होती. सुनावण्या एरंडवण्यातल्या एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, लांब टेबल, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, टोकाला आर्बिट्रेटर सर आणि शेजारी लॅपटॉपवर टायपिस्ट. आमचा दावा, त्यांचं उत्तर, त्यावर आमचं उत्तर, हे सगळं कलम २३ प्रमाणे सहा महिन्यांत आटपायचं असतं आणि तिथून पुढे कलम २९ए चे बारा महिने सुरू होतात ज्यात निवाडा यायला हवा. हे बारा महिने लक्षात ठेवा, पुढे काम पडतं.

खरी सुरुवात झाली कागदांच्या मान्य-अमान्यपासून. दोन्ही बाजूंनी दिलेल्या प्रत्येक कागदापुढे समोरच्याने लिहायचं, मान्य की अमान्य. आमच्या जॉइंट मेजरमेंटच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या मोजमापाच्या शीट्स, ज्यांच्यावर त्यांच्याच साइट इंजिनियरची सही होती, त्या सगळ्यांपुढे त्यांनी लिहिलं अमान्य, सही करणाऱ्याला कंपनीने तसा अधिकार दिला नव्हता. वजनकाट्याच्या पावत्यांपुढे अमान्य. मेझनाईनचं ड्रॉइंग दादाच्या व्हॉट्सॲपवर त्याच इंजिनियरच्या फोनवरून आलं होतं, तेही अमान्य, खाजगी फोनवरून आलंय म्हणे. मॅडम म्हणाल्या, "अमान्य झालेला कागद नुसता फाइलला लावून चालत नाही, ज्याने लिहिला, ज्याने सही केली त्याने येऊन सांगावं लागतं."

यावर दादाचा प्रश्न बरोबर होता, की लवादाला पुरावा कायदा लागू नसतो ना. कलम १९ मध्ये तसं आहे खरं, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा लवादावर बंधनकारक नाहीत. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की कुठला पुरावा घ्यायचा आणि त्याला किती वजन द्यायचं हे लवाद ठरवणार. म्हणजे कागद आत घेतील हो, पण त्याच्यामागे उलटतपासाला उभा राहणारा माणूस नसेल तर त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवणार, आणि समोरचा वकील शेवटच्या युक्तिवादात नेमकं तेच बोलणार.

मग मी प्रत्येक गाडीचा तक्ता करायला घेतला. नऱ्ह्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीचं चलन, त्याच नंबरचं ई-वे बिल, काट्याची पावती, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी आणि त्यांच्या गेटचा शिक्का असलेली पोचप्रत. हे पाच कागद एका ओळीत बसले की गाडीचं वजन आपण मागाहून लिहिलं असं कुणाला म्हणता येत नाही, कारण ई-वे बिल सरकारी पोर्टलवर त्याच तारखेला, त्याच गाडी नंबरने निघालेलं असतं. दुसऱ्या बाजूने दादाने ड्रॉइंगवरून थिअरेटिकल वजन काढलं. लोखंडाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरतात, म्हणून प्लेटची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि ७.८५ ने गुणायचं की एका चौरस मीटरचं वजन आलं, दहा मिलिमीटरची प्लेट असेल तर ७८.५ किलो. बीम, चॅनेल, अँगल यांची मीटरला किती किलो हे टेबलमध्ये असतं. काट्याचं वजन आणि ड्रॉइंगचं वजन जवळपास जुळत होतं, वेल्डिंग आणि रोलिंग मार्जिनपुरता (लोखंड बनतानाच जाडीत पडणारा) फरक. हा तक्ता सरांनी नंतर प्रत्येक तारखेला समोर ठेवला होता.

व्हॉट्सॲपच्या मेसेजचं वेगळं. त्याच्या प्रिंटला सर्टिफिकेट लागतं, आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६३ झालं आणि त्यात आता दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) पण लिहावी लागते. ६५ब चं सर्टिफिकेट सक्तीचं हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ज्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात पक्कं केलं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला होता. लवादात एवढं काटेकोर धरलंच पाहिजे असं नाही, पण मॅडमचा आग्रह होता की उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून घ्याच, आणि मलाही ते पटलं. दादाचा तो फोन विकू दिला नाही, तसाच कपाटात ठेवलाय.

आता माणसं. पहिले काट्यावाले काका. वजनकाटा आमच्या वर्कशॉपपासून जवळच, कित्येक वर्षांची ओळख, पण साक्ष म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले, "ताई, कोर्टाची पायरी नको, आमच्या घरात कुणी चढली नाही." त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की काका, कोर्ट नाहीये, पिंजरा नाहीये, टेबलाच्या एका बाजूला खुर्चीत बसायचं, चहा मिळतो, आणि तुम्ही फक्त तुमच्या रजिस्टरमध्ये जे आहे तेच सांगायचं. मग ते म्हणाले, "रजिस्टर माझं आहे, त्यात खोटं एक अक्षर नाही, येतो मी." त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, काट्याच्या कॉम्प्युटरमधला डेटा दिला आणि वैधमापन खात्याचं दर वर्षीचं स्टॅम्पिंगचं सर्टिफिकेट दिलं. ते सर्टिफिकेट फार उपयोगी पडलं, काटा बरोबर होता का हा प्रश्नच समोरच्यांना पुढे नेता आला नाही. ज्यांची बिलं वजनावर चालतात त्यांनी काट्यावरून पावतीसोबत त्या वर्षीच्या स्टॅम्पिंगची झेरॉक्स घेऊनच ठेवावी.

समोरच्यांकडचं गेट रजिस्टर मिळवायला वेगळा अर्ज केला. पक्षकाराच्या ताब्यातला कागद हजर करा असं आर्बिट्रेटर थेट सांगू शकतात, आणि नाही दिला तर त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतात. आधी उत्तर आलं की जुनं रेकॉर्ड ठेवत नाही. सरांनी शांतपणे रोजनाम्यात घेतलं की हेच म्हणणं जबाबदार अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगावं, कधीचं रेकॉर्ड, कुणी, केव्हा नष्ट केलं ते लिहून. पुढच्या तारखेला रजिस्टरचा बराचसा भाग आला! शपथेवर लिहायची वेळ आली की माणूस कपाट परत उघडून बघतो. मॅडमनी तेव्हा सांगितलं की नाहीच दिलं असतं तर कोर्टात पण जाता आलं असतं, २०१३ च्या डेल्टा डिस्टिलरीज विरुद्ध युनायटेड स्पिरिट्स निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कलम २७ (पुराव्यासाठी कोर्टाची मदत घ्यायचं कलम) नुसतं बाहेरच्या साक्षीदारांसाठी नाही, पक्षकारांनाही लागू होतं.

राहिला तो इंजिनियर, आणि सगळं त्याच्यावर होतं.

त्याने ती कंपनी सोडून नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी धरली होती. मी फोन केला. साइटवर आम्ही त्याला साहेब म्हणायचो, वयाने लहान असला तरी, तो मला ताई म्हणतो. तो म्हणाला, "ताई, सह्या माझ्याच आहेत, मोजमाप मी घेतलंय, ड्रॉइंग मला प्लॅनिंगवाल्यांनीच पाठवलेलं. पण मी स्वतःहून तुमच्या बाजूने आलो तर उद्या इथले लोक म्हणतील हा जुन्या कंपनीच्या विरोधात साक्ष देतो, आमच्याही देईल. आणि ते लोक पण सगळीकडे सांगत फिरणार." जरा थांबून मग तो म्हणाला, "कोर्टाचा कागद आला तर मात्र मला यावंच लागेल ना? मग मला रजा पण मिळेल आणि कुणाला तोंड द्यायची वेळ पण येणार नाही."

हे ऐकेपर्यंत समन्स म्हणजे साक्षीदाराला फरफटत आणायची दोरी असंच मला वाटायचं. ज्याला नोकरी करून घर चालवायचंय त्याला तो कागद पाठीशी लागतो, मी आलो नाही मला बोलावलंय असं त्याला साहेबाला, सहकाऱ्यांना, घरच्यांनाही सांगता यायला हवं. म्हणून जे म्हणतात ना की ओळखीतल्या माणसाला समन्स कशाला, वाईट दिसतं, त्यांना मी सांगते की आधी त्यालाच विचारा.

प्रतिज्ञापत्र तो देणार नव्हता हे उघड होतं, म्हणून १९९६ च्या कायद्याच्या कलम २७ खाली अर्ज. याचे दोन टप्पे असतात. आधी आर्बिट्रेटरची परवानगी घ्यायची, मग कोर्टात जायचं. अर्जात काय काय हवं ते कलमातच दिलंय, पक्षकारांची आणि लवादाची नावं-पत्ते, वाद कशाचा आणि मागणी काय, साक्षीदाराचं नाव-पत्ता, तो नेमकं कशाबद्दल सांगणार आणि कुठला कागद हजर करायचाय त्याचं वर्णन. इथे मोघम लिहिलं की अडतं. "साइटवरील कामाबाबत माहिती असलेला इसम" असं लिहिलं तर समोरचे म्हणणार नुसता वेळ काढतायत. आम्ही प्रत्येक शीटचा निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला दिलेला नंबर) घालून लिहिलं की या या शीटवरची सही, हे मोजमाप कुणासमोर झालं, आणि अमुक तारखेचं ड्रॉइंग त्याला कुणाकडून आलं, एवढ्या तीन गोष्टींसाठी हा साक्षीदार. समोरून जोरात विरोध झाला, की आमचा माजी कर्मचारी आहे, राग धरून आहे, गरज नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि आदेशात लिहिलं की सही तुम्हीच अमान्य केलीत, सही करणारा माणूस हयात आहे, पत्ता आहे, त्याला ऐकायला हवं. दोन पानांचा आदेश होता, पण कारणं सगळी त्यात होती आणि पुढे कोर्टात तोच कामाला आला.

कोर्ट म्हणजे शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. मुंबईत अशा कामाला हायकोर्टाची मूळ शाखा आहे, पुण्यात नाही, इथे जिल्हा न्यायालयच, आणि वाद व्यावसायिक स्वरूपाचा नि तीन लाख किंवा त्यावरचा असला की कमर्शियल कोर्टात अर्ज जातो. मी स्वारगेटला गाडी लावून मेट्रोने जायचे, सिव्हिल कोर्टच्या स्टेशनवरून वर आलं की समोरच कोर्टाचं आवार, पार्किंगचा ताप नाही. समोरच्यांना नोटीस, त्यांचं म्हणणं, मग आदेश. त्यांनी तिथे परत तोच विरोध केला, साक्षीदाराची गरजच नाही म्हणून, पण गरज आहे की नाही हे लवादाने आधीच ठरवलेलं, कोर्टाने त्यात नव्याने शिरायचं कारण नव्हतं. कोर्ट अशा वेळी मदतनीस असतं, आणि साक्षीदाराने थेट लवादासमोरच पुरावा द्यावा असा आदेश देऊ शकतं, तसाच झाला. समन्सवर तारीख, वेळ, एरंडवण्याचा पत्ता आणि सोबत आणायच्या कागदांची यादी.

नाशिकचा माणूस पुण्याला येऊ शकतो का अशीही शंका काढली गेली. दिवाणी प्रक्रियेत ऑर्डर १६ चा नियम १९ आहे, साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर शंभर किलोमीटरच्या आतला हवा, पण बहुतेक रस्ता रेल्वे किंवा नेहमीची सार्वजनिक वाहनं असतील तर पाचशे किलोमीटरच्या आतला चालतो. पुणे-नाशिक सव्वादोनशेच्या आत, एसटी दिवसभर. तो प्रश्न तिथेच मिटला. भत्ता मात्र आधी कोर्टात भरावा लागतो, येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाचा खर्च, त्याशिवाय समन्स बजावणीला जात नाही. मग समन्स नाशिकच्या कोर्टाकडे, तिथल्या नाझरकडून (समन्स बजावणी बघणारा कोर्टाचा अधिकारी) बेलिफकडे, जो ते प्रत्यक्ष नेऊन देतो. हा मधला काळ सगळ्यात जीवघेणा, कारण कागद कुठे आहे कळत नाही. आम्ही नाशिकच्या एका ज्युनियर वकिलांना चौकशीला ठेवलं होतं, ते जाऊन नाझर कचेरीत विचारायचे आणि मला मेसेज करायचे. ज्याला परगावी समन्स बजावायचंय त्याने हे जरूर करावं, खर्च थोडा येतो पण कागद कुठल्या टेबलावर पडून राहत नाही.

आणि या सगळ्यात ते २९ए चे बारा महिने चालूच होते. कोर्टात गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होत नाही. दोन्ही पक्षांच्या संमतीने सहा महिने वाढवता येतात, त्यापुढे कोर्टाकडेच मुदत मागावी लागते. सरांनी दोन्ही वकिलांना समोर बसवून विचारलं आणि संयुक्त पुरशीस (दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन) झाली. समोरच्यांनी सही केली याचं मला बरं वाटलं, भांडण भांडणाच्या जागी, पण सरांचा मान त्यांनी ठेवला.

साक्षीच्या दिवशी तो वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरून रिक्षाने आला. मी त्याला आणायला गेले नाही, मुद्दामच. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की त्याला काय बोलायचं ते कुणी शिकवायचं नाही, त्याच्याच सह्या असलेल्या शीट्स त्याला दाखवायच्या, बास. समन्सवर आलेल्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र नसतं म्हणून सरतपास, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने आधी घेतलेली साक्ष, तोंडी होतो, आणि त्यात आपल्या वकिलाला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. "ही सही तुमचीच ना?" असं नाही, "ही सही कुणाची?" असं. तो काय बोलेल याची खात्री कुणालाच नव्हती, माझे तर हात गार पडले होते.

सरांनी शपथ दिली. एकेक शीट. सही माझी. मोजमाप कुणी घेतलं, मी आणि कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, टेप लावून. ड्रॉइंग प्लॅनिंग विभागाकडून माझ्या फोनवर आलं, मी पुढे पाठवलं, साइटवर नेटवर्क नसायचं म्हणून ईमेल कुणी वापरत नव्हतं. मग एका शीटवर तो थांबला, नीट बघितली आणि म्हणाला, "या पानावरची सही माझीच, पण हे मोजमाप मी स्वतः घेतलेलं नाही, त्या दिवशी मी वर इरेक्शनला होतो, खाली आल्यावर सुपरवायझरने लिहिलेलं बघून सही केली." दादाने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला जसं काही झालंच नाही.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी त्याला तासभर तरी धरलं असेल. तुम्हाला कंपनीने काढून टाकलं होतं, तुमचा राग आहे, कॉन्ट्रॅक्टरने पैसे दिलेत. तो समन्समधल्या यादीप्रमाणे त्याचा राजीनामा आणि रिलिव्हिंग लेटर घेऊन आला होता, दोन्ही टेबलावर ठेवले. पैशांचं विचारलं तेव्हा म्हणाला, "कोर्टात भरलेला भत्ता मिळेल, दुसरं काही नाही. आणि मला तसं काही करायचं असतं तर ते एक पान पण मी मोजलं असंच सांगितलं असतं." सरांनी हे उत्तर टायपिस्टला शब्दशः घ्यायला सांगितलं. शेवटी पूर्ण जबाब त्याला वाचायला दिला, एक तारीख चुकीची टाइप झाली होती ती त्याने दुरुस्त करून घेतली, आणि प्रत्येक पानावर सही केली.

निवाड्यात सरांनी ते पान धरलं नाही, तेवढ्या वजनाचे पैसे आमचे गेले. बाकीच्या सगळ्या शीट्स धरल्या, मेझनाईन धरला, आणि कारण देताना लिहिलं की जो साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाच्या विरोधात जाईल असं उत्तरही न विचारता देतो त्याचं बाकीचं सांगणं विश्वासार्ह वाटतं. काकांच्या रजिस्टरचा आणि स्टॅम्पिंगचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला. कलम ३१ए खाली खर्चाचा काही भाग पण समोरच्यांवर टाकलाय.

त्यांनी आता कलम ३४ खाली निवाडा रद्द करायचा अर्ज केलाय, तीन महिन्यांची मुदत असते, त्यात केला. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे जे दाखवायचं ते लवादासमोरच्या रेकॉर्डवरूनच दाखवायचं, नवे साक्षीदार, नवे कागद घेऊन परत पहिल्यापासून सुरू करता येत नाही. म्हणून जे काही हजर करायचंय, ज्याला बोलवायचंय ते लवाद चालू असतानाच. तो एक माणूस नाशिकचा, येईल की नाही कुणास ठाऊक, कोर्टात कशाला जा, असं म्हणून आम्ही पुढे गेलो असतो तर आज त्या शीट्स नुसत्या अमान्य म्हणूनच फाइलला राहिल्या असत्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळालीय, निशाण्यांची यादी मॅडमना परत एकदा लावून द्यायचं काम माझ्याकडे आहे.